गामेलानच्या सुरांना सेंटची पट्टी कुठवर लावायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही एका नृत्यनाट्याचं संगीत करताय आणि त्यात जावाच्या गामेलानचा, म्हणजे मुख्यतः काशाच्या वाद्यांच्या संचाचा, रंग हवा आहे. शोधाशोध करून तुम्हाला तिथल्या दोन सप्तकांची दोन सूत्रं मिळाली. स्लेंद्रो म्हणजे सप्तकाचे पाच समान भाग, प्रत्येकी २४० सेंट (पूर्ण सप्तक म्हणजे १२०० सेंट). पेलोग म्हणजे सप्तकाचे नऊ समान भाग करून त्यातून निवडलेले सात स्वर. ही सूत्रं सिंथमध्ये भरली तर आवाज कोरडा वाटला. मग ८:७, ७:६ अशी शुद्ध गुणोत्तरं वापरलीत. ती तानपुऱ्यावर छान बसली, पण मूळ रेकॉर्डिंगबरोबर वाजवली की खटकायला लागली. आता तुम्ही विचारताय की खरी गुणोत्तरं कोणती, आणि रेकॉर्डिंगमधला संचच थोडा बेसूर आहे का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. सूत्राशी जुळत नाही एवढ्यावरून संच बेसूर ठरत नाही. पहिल्या प्रश्नाला मात्र एका ओळीचं उत्तर नाही, कारण सगळ्या संचांना लागू पडेल असा एकच स्लेंद्रो किंवा एकच पेलोग जावात कधी ठरलेलाच नाही. प्रत्येक संचाचा लारस, म्हणजे त्याची स्वररचना, त्या संचाची स्वतःची असते. एका संचातला सारोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, उचलून दुसऱ्या संचात ठेवला तर सहसा तो तिथे नांदत नाही. तेव्हा अडचण तुमच्या आकडेमोडीत नाही. तुम्ही सगळ्या संचांना पुरेल असा नियम शोधताय, आणि तो तिथे नाही.

मी पेटी आणि गाणं शिकत वाढले, पुढे सुराकार्तात (बोलताना सगळे सोलोच म्हणतात) कारावितान, म्हणजे गामेलानचं संगीत, शिकले, आणि आता संच वाजवणं, शिकवणं आणि त्यांचे सूर मोजून नोंदवणं हेच माझं काम आहे. सेंट मी रोज वापरते. त्यामुळे हे मोजमाप कुठे हात देतं आणि कुठे फसवतं, ते अनुभवावरून सांगता येईल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुम्हाला जावाचा आवाज हवा आहे की बालीचा, यावर निम्मं उत्तर बदलतं. तयार रेकॉर्डिंगवर काही चढवायचं आहे की सगळं नव्याने वाजवायचं आहे, यावर उरलेलं. आणि तुमच्या नाटकात गाणारा माणूस असेल तर आणखी एक पेच येतो. त्यावर शेवटाकडे येते.

२४० हा आकडा आला कुठून, ते आधी पाहू. सेंट हे माप रूढ केलं ते अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने. १८८५ साली त्याने निरनिराळ्या देशांच्या सप्तकांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात जावाची वाद्यंही मोजलेली होती आणि स्लेंद्रोचे पाच स्वर साधारण सारख्या अंतरावर आहेत असं त्याने नोंदवलं. पुढच्या लोकांनी त्यातलं ‘साधारण’ सोडून दिलं आणि २४० तेवढा उचलला. एलिसचा मुख्य निष्कर्ष खरं तर उलट दिशेचा होता: सप्तक हे निसर्गाने घालून दिलेलं एकच एक नसतं, माणसं ती नाना तऱ्हांनी घडवतात. नंतर होर्नबोस्टेल या जर्मन-ऑस्ट्रियन अभ्यासकाने बांबूच्या नळीत जोराने फुंकल्यावर निघणारा ६७८ सेंटचा आखूड पंचम मूळ धरला आणि त्यावरून जावासकट अर्ध्या जगाची सप्तकं उलगडायचा घाट घातला. बुकोफ्त्सर या अभ्यासकाने १९३० च्या दशकात प्रत्यक्ष नळ्या फुंकून तपासलं, तेव्हा तो पायाच टिकला नाही.

नंतर १९६९ मध्ये योग्याकार्ताच्या गाजा मादा विद्यापीठातल्या तिघांनी, सूर्योदिनिंग्रात, सुदार्याना आणि सुसांतो यांनी, सोलो आणि योग्याकार्तातल्या नामांकित संचांची पद्धतशीर मोजणी छापली. हे काम बाहेरच्या सिद्धान्तासाठी पुरावे गोळा करायला केलेलं नव्हतं, आणि म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. त्यात काय दिसतं? राजवाड्यातले, सर्वांनी उत्तम मानलेले संचसुद्धा एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे आहेत. सरासरी काढता येते, पण त्या सरासरीवर लावलेला संच कुठेच नाही.

आपल्याकडेही असंच घडलेलं आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींची गुणोत्तरं मांडली, क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीने तशी श्रुतींची पेटीही तयार झाली, आणि त्यावर किती वाद झाले हे संगीताचा इतिहास वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. देवलांची मेहनत खरी होती. पण गवई दरबारीचा गंधार त्या पेटीला विचारून लावत नव्हते.

आता आकड्यांतच उतरू, म्हणजे तुमच्या सिंथमध्ये काय बिघडलं ते नेमकं कळेल. स्लेंद्रोचे स्वर आकडी लिपीत १, २, ३, ५, ६ असे लिहितात. समजा एका संचात १ ते २ मध्ये २३२ सेंट, २ ते ३ मध्ये २४७, ३ ते ५ मध्ये २३६, ५ ते ६ मध्ये २२९ आणि ६ ते वरच्या १ मध्ये २६३ सेंट आहेत. हे आकडे समजावण्यापुरते मी घेतले आहेत, कुठल्या एका संचाचे नाहीत, पण अशा धाटणीचे संच नेहमी भेटतात. बेरीज करा: १२०७. म्हणजे वरचा १ हा खालच्या १ च्या दुपटीहून किंचित वर आहे. आणि ६ ते १ हे अंतर तुमच्या २४० पेक्षा २३ सेंटने मोठं आहे. आपल्या भाषेत प्रमाणश्रुतीहून (सुमारे २२ सेंट) तसूभर जास्तच. पेटीवर एवढा फरक कुणाला खपेल?

हा फरक संगीतात काय करतो ते बघा. स्लेंद्रोत तीन पाटेत, म्हणजे आपल्या रागांसारखे स्वर वापरण्याचे ढंग, आहेत: नेम, सांगा आणि मान्युरा. रात्रभर चालणाऱ्या छायानाट्यात, वायांग कुलितमध्ये, ते याच क्रमाने येतात आणि मान्युरा पहाटेकडे लागतो, हे ऐकून रागसमयाची सवय असलेल्या आपल्या माणसाला जवळचं वाटेल. वादक मान्युरातला एखादा चेंगकोक, म्हणजे ठरलेलं स्वरवाक्य, एक घर खाली सरकवून सांगामध्ये वाजवतात. मान्युरात ३ २ १ ६ अशी उतरणारी ओळ सांगामध्ये २ १ ६ ५ होते. तुमच्या २४० च्या सप्तकात या दोन्ही ओळी हुबेहूब एकच आहेत, फक्त पट्टी बदललेली. वरच्या आकड्यांनी पाहा: मान्युरातली ओळ २४७, २३२, २६३ अशी उतरते आणि सांगामधली २३२, २६३, २२९ अशी. पहिलीत मोठी उडी शेवटी येते, दुसरीत मधे. एकच वाक्य, पण चेहरा वेगळा. हाच चेहरा तुमच्या सिंथमध्ये पुसला गेला आणि म्हणून तो कोरडा वाटला. सगळी अंतरं सारखी केली की पाटेत फक्त कागदावर उरतो.

आणखी एक गंमत आपल्या कानाबद्दल. स्लेंद्रो ऐकताना मराठी श्रोत्याला क्षणात भूप वाटतो, क्षणात दुर्गा, मधेच धानी डोकावतो. कारण २४० च्या आसपासचं अंतर आपल्या शुद्ध रिषभाच्या २०४ आणि कोमल गंधाराच्या ३१६ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतं, आणि कान त्याला कधी इकडे ढकलतो, कधी तिकडे. ही दोलायमानता स्लेंद्रोचा जीव आहे. तुम्ही ८:७ आणि ७:६ घेतलंत तेव्हा प्रत्येक अंतराला एक पक्की बाजू दिलीत, आणि नेमकी तीच हालचाल थांबली.

आता गुणोत्तरांचा मुद्दा. शुद्ध गुणोत्तरं आपल्याला ‘खरी’ का वाटतात? तारेमुळे. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्या पोटात मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे उपस्वर असतात. तिपटीतून पंचम मिळतो, पाचपटीतून तो स्वयंभू गंधार, जो जवारी नीट असली की सगळ्यांना ऐकू येतो. पंचमाचं ३:२ आपण बाहेरून लादत नाही, ते तारेतच आहे. पण दोन्ही टोकं मोकळी असलेल्या धातूच्या पट्टीचं भौतिकशास्त्र वेगळं. एकसारख्या जाडीच्या पट्टीचा दुसरा उपस्वर मूळ स्वराच्या साधारण २.७६ पट असतो आणि तिसरा ५.४ पट. तिथे दुप्पट नाही, तिप्पट नाही. सारोनची पट्टी वरून फुगीर असते, त्यामुळे प्रत्यक्षात हे आकडे थोडे हलतात, बोनांग या वाद्याच्या वाटीसारख्या भांड्यात तर आणखी वेगळं चित्र निघतं. पण मुद्दा तोच: पंचमाला धरून ठेवणारी जी खुंटी तानपुऱ्यात असते ती पट्टीत नाही. दोन सारोनच्या पट्ट्या ७०२ ऐवजी ७२० सेंटवर लावल्या तरी त्यांच्यात ती कर्कश थरथर होत नाही, जी दोन तारांमध्ये होईल.

विल्यम सेथारेस या अमेरिकी अभ्यासकाने यावरून पुढचं पाऊल टाकलं. वाद्याचे उपस्वर आणि त्याचं सप्तक एकमेकांना बेतलेली असतात, असं तो मांडतो, आणि बोनांगचे उपस्वर व आवाज-तार यांचे उपस्वर एकत्र धरले तर स्लेंद्रोच्या जवळचं सप्तक निघतं असं त्याने दाखवलं. मला हा विचार आवडतो, कारण तो वाद्यापासून सुरू होतो. त्यातून स्लेंद्रोसारखं सप्तक या वाद्यांना मानवतं का, हे कळतं. पण एकाच शहरातले, एकाच घडणीचे, एकाच धातूचे दोन संच वेगळे का, हे त्यातून कळत नाही. ते कळायला लारस लावणाऱ्या माणसाकडे जावं लागतं.

संच लावण्याचं काम मी अनेकदा जवळून पाहिलं आहे. एखादा आदर्श मानलेला संच असतो, त्याला बाबोन म्हणतात. त्यातल्या गेंदेरवरून (टांगलेल्या पातळ पट्ट्यांचं वाद्य) नव्या संचाचा गेंदेर लावतात, कारण त्याचा पल्ला दोन सप्तकांहून मोठा, आणि मग बाकीची वाद्यं. पट्टी उलटी करायची, सूर उतरवायचा तर पोटाशी मधोमध कानस मारायची, चढवायचा तर टोकांकडे. घासून पट्टी तापते, तापली की सूर उतरलेला ऐकू येतो, म्हणून ती निवायला ठेवून द्यायची आणि मगच वाजवून पाहायची. आणि वाजवून पाहताना तो माणूस दोन स्वर एकत्र वाजवून त्यांच्यातली लहर शोधत बसत नाही. तो एक ओळ वाजवतो. ओळ नीट उतरली तर पट्टी ठीक. खालच्या सप्तकात थोडी ढील, वरच्या सप्तकात थोडा ताण, हे तो त्या ओळीवरून ठरवतो. या घडणीला, अंतरांच्या या स्वभावाला, एंबात म्हणतात. संचाचा एंबात गोड आहे, जोमदार आहे, अशी चर्चा वादक करतात, आणि कुठला एंबात आवडतो यावर जाणकारांचे मतभेद होतात. १२०७ ची बेरीज तिथून येते. मँटल हूड या अमेरिकी अभ्यासकाने १९६० च्या दशकात हे ताणलेले-आवळलेले सप्तक मोजून मांडले, तेव्हा पाश्चात्त्य वाचकाला ते धक्कादायक वाटलं, कारण त्यांच्या सिद्धान्तात सगळं बदललं तरी दुप्पट ही अढळ असते.

नव्या काशाचा सूर पहिली काही वर्षं स्थिरावत असतो, हेही ध्यानात ठेवा. त्यामुळे नवा संच काही वर्षांनी पुन्हा लावून घ्यावा लागतो. एकाच संचाची दोन रेकॉर्डिंगं वेगवेगळ्या काळातली असतील तर आकडे जुळतीलच असं नाही.

पेलोगबद्दल थोडक्यात. त्यात सात स्वर, पण अंतरं लहान-मोठी, आणि एका वेळी सहसा पाचच मुख्य असतात. नऊ समान भागांचं सूत्र पेलोगला स्लेंद्रोच्या सूत्रापेक्षाही कमी लागू पडतं, कारण संचासंचांतला फरक पेलोगमध्ये आणखी ठळक असतो. अनेक सॉफ्टवेअरमध्ये ‘पेलोग’ निवडलं की पेटीच्या स्वरांत सा, कोमल रे, कोमल ग, प, कोमल ध असं मिळतं. तो आपला भूपाल तोडी झाला. रंग जवळचा आहे हे खरं, पण तुमच्या श्रोत्यांनी भूपाल तोडी ऐकलेला आहे आणि ते तोच ऐकतील. जावात दोन्ही लारसांचे मिळून एक जोडसंच असतो आणि त्या दोघांत सहसा एखादा स्वर सामाईक ठेवतात, बहुधा ६ किंवा ५. त्याला तुंबुक म्हणतात. तुमच्या नाटकात स्लेंद्रोतून पेलोगमध्ये जायचं असेल तर त्या सामाईक स्वरावरूनच वळा. प्रत्येक लारस वेगवेगळ्या लायब्ररीतून उचललात तर हा पूल नसेल.

बालीचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे मोजमापाचा खराखुरा उपयोग होतो, म्हणून जरा थांबते. बालीच्या गोंग कब्यारसारख्या संचांत वाद्यं जोडीने असतात. जोडीतलं एक किंचित खाली लावलेलं, ते पेंगुंबांग, आणि एक किंचित वर, ते पेंगिसेप. दोन्ही एकत्र वाजली की आवाज लहरतो. बारावीच्या भौतिकशास्त्रात ज्याला विस्पंद म्हटलं होतं तेच हे. तिथे या लहरीला ओंबाक म्हणतात, आणि लावणारा माणूस ती सगळ्या संचभर साधारण एकाच गतीची ठेवू पाहतो. समजा सेकंदाला ७ लहरी हव्या आहेत. खालच्या सप्तकात जोडी १४० आणि १४७ हर्ट्झ, मधल्यात २८० आणि २८७, वरच्यात ५६० आणि ५६७. सेंटमध्ये पाहा: खालची जोडी ८४ सेंटने वेगळी, मधली ४३ ने, वरची २१ किंवा २२ ने. आणखी एक गोष्ट निघते: पेंगुंबांगचं सप्तक १४० ते २८०, अगदी दुप्पट. पेंगिसेपचं १४७ ते २८७, म्हणजे ११५८ सेंट, चांगलंच आखूड. दोघांचंही सप्तक एकदम शुद्ध असू शकत नाही. लहर सांभाळायची तर दुप्पट सोडावी लागते. कुठल्या बाजूला किती सोडायची, हा लावणाऱ्याचा निर्णय.

तुमच्यासारखे बरेच जण बालीचा आवाज करायला सिंथमध्ये दुसरा आवाज सरसकट ४० सेंटने वर सरकवतात. त्याने १४० हर्ट्झला सेकंदाला तीनच्या वर लहरी मिळतात, २८० ला साडेसहा आणि ५६० ला तेरा. खाली सुस्त, वर थरथराट. संचाचा एकच श्वास असल्यासारखं जे बालीत वाटतं ते विस्कटतं. फरक सेंटमध्ये न देता हर्ट्झमध्ये द्या. तशी सोय नसेल तर प्रत्येक स्वराचा फरक हाताने भरा. कंटाळवाणं आहे, पण फरक लगेच ऐकू येतो. जावाच्या संचात अशी जोडी लावत नाहीत, तेव्हा तिथे हा प्रयोग करू नका. जावात लहर ऐकायची ती मोठ्या गोंगची, गोंग आगेंगची, आणि ती त्याच्या स्वतःच्या अंगातच असते.

इथवरचं आटोपशीर सांगते: स्लेंद्रो-पेलोगची सर्वमान्य सूत्रं नाहीत, अंतरांची असमानता हा दोष नाही, पाटेतचा रंग तीच देते, धातूच्या पट्टीला तारेची गुणोत्तरं बांधून ठेवत नाहीत, सप्तक ताणलेलं किंवा आवळलेलं असू शकतं, आणि बालीत लहर आधी, सप्तक नंतर.

आता प्रत्यक्ष काय करायचं. एक संच निवडा आणि त्यालाच धरून राहा. सॅम्पल लायब्ररी वापरत असाल तर बनवणाऱ्यांना विचारा की हे कुठल्या संचाचं ध्वनिमुद्रण आहे आणि त्यांनी सूर ‘दुरुस्त’ केले आहेत का. काही लायब्ररींमध्ये प्रत्येक पट्टी पेटीच्या जवळच्या सुरावर ओढलेली असते, तिथे मूळ लारस परत मिळत नाही. अशी लायब्ररी टाळा, आवाज कितीही सुंदर असला तरी.

मोजताना फोनवरच्या ट्यूनरवर विसंबू नका. ते ॲप तारेसारखे किंवा गळ्यासारखे उपस्वर गृहीत धरून सूर ओळखतं आणि बोनांगवर हमखास गोंधळतं. आघाताचा पहिला खणखणाट जाऊ द्या, त्यानंतरचा सेकंदभराचा तुकडा घ्या आणि स्पेक्ट्रममध्ये सर्वांत खालचं ठळक शिखर वाचा. एका सेकंदाच्या तुकड्यातून साधारण १ हर्ट्झपर्यंत अचूकता मिळते. २५० हर्ट्झला १ हर्ट्झ म्हणजे ७ सेंट, स्लेंटेम या खर्जातल्या वाद्याच्या खालच्या पट्ट्यांपाशी, १२० हर्ट्झच्या आसपास, १४ सेंट. तेव्हा २३१.४७ असे दशांश लिहिण्यात अर्थ नाही. जास्त नेमकेपणा हवा तर लांब घुमणारा गेंदेर घ्या, मोठा तुकडा कापता येतो. आणि एकच सप्तक मोजून ते वर-खाली छापू नका. प्रत्येक पट्टी मोजा, नाहीतर एंबात हरवतो.

मग तेच आकडे सिंथमध्ये भरा. तुमचं सॉफ्टवेअर प्रत्येक स्वराचा वेगळा सूर घेत असेल तर हे तासाभराचं काम आहे. भरून झालं की आकडे बंद करा आणि ओळ वाजवून ऐका, लावणारा ऐकतो तशी. शक्य झालं तर पुष्पवर्णा ही केतावांग (रचनेचा एक प्रकार) वेगवेगळ्या संचांवर ऐका. स्लेंद्रो मान्युरातली ही चीज फार लोकप्रिय आहे, ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. पाकुआलामन राजवाड्यातल्या संचावर वाजलेली पुष्पवर्णा १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. त्याच तबकडीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. दोन-तीन संचांवर ती ऐकलीत की ‘खरा स्लेंद्रो कोणता’ हा प्रश्न कानच सोडून देतो. चीज तीच राहते आणि प्रत्येक संच तिला आपला रंग चढवतो.

तानपुऱ्याचं काय करायचं? वरच्याच आकड्यांनी पाहू. १ ते ५ हे अंतर ७१५, तानपुऱ्याच्या पंचमाहून १३ सेंटने मोठं. २ ते ६ आहे ७१२. पण ६ ते वरचा ३ हे ७४२ आहे, तब्बल ४० सेंटने मोठं. म्हणजे एकाच संचात एक ‘पंचम’ चालून जाईल आणि दुसरा भांडेल. म्हणून तानपुरा हवाच असेल तर त्यात पंचम किंवा मध्यम लावू नका, फक्त षड्ज ठेवा, आणि तो संचाच्या अशा स्वरावर लावा ज्यावर तुमची चाल विसावते. मान्युरात तो बहुतेक ६ असेल. जवारीही थोडी कमी ठेवा, नाहीतर तो स्वयंभू पंचम आणि गंधार पट्ट्यांशी झगडत राहतील. माझं मत विचाराल तर तानपुरा काढाच. गामेलानला आधारस्वराची गरज गोंग भागवतो.

गाणारा माणूस असेल तर त्याला पेटीवर चाल शिकवू नका. गेंदेरचं रेकॉर्डिंग द्या. जावात सिंडेन, म्हणजे गायिका, आणि रेबाब, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, हे दोघे पट्ट्यांच्या सुरांना चिकटून बसत नाहीत. स्लेंद्रोच्या चालीत करुण भावासाठी ते पट्टीवर नसलेले स्वर घेतात, त्याला बारांग मिरिंग म्हणतात, आणि खाली सारोन आपला मूळ स्वर वाजवत असतो. हे ऐकून आपल्या गायकाला वाटेल की कुणीतरी चुकतंय. त्याला आधीच सांगा, आणि ध्वनिमुद्रणानंतर त्याचा गळा ऑटोट्यूनने पट्ट्यांवर ओढू नका.

राहिला प्रश्न शुद्ध गुणोत्तरांचा स्लेंद्रो वापरायचा की नाही. वापरा, त्यात काही वावगं नाही, पण मग रेकॉर्डिंगमधला संच आणि तो एकत्र वाजवू नका. अमेरिकी संगीतकार लू हॅरिसन आणि त्याचा साथीदार विल्यम कोल्विग यांनी १९७० च्या दशकात ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे संच स्वतः घडवले आणि शुद्ध गुणोत्तरांत लावले. हॅरिसन जावाच्या पाक चोक्रो या गुरूंकडे शिकला होता. त्याच्या संचाला लोक अमेरिकी गामेलान म्हणतात आणि ते योग्यच आहे. तुम्हीही तुमचे ८:७ आणि ७:६ ठेवायचे ठरवलेत तर सगळी वाद्यं त्याच आकड्यांवर नव्याने वाजवा, तानपुरा खुशाल ठेवा, आणि कार्यक्रमपत्रिकेत तो स्लेंद्रोवरून सुचलेला तुमचा स्वतःचा लारस आहे असं स्पष्ट छापा. जावाचा लारस हवा असेल तर संचाचं नाव, राजवाडा किंवा गाव आणि ध्वनिमुद्रणाचं साल छापा. तुमच्या लायब्ररीत यातली माहिती मिळाली तर इथेच लिहा, मोजलेले आकडे पाठवा. पाटेतप्रमाणे कुठल्या स्वरावर ओळ थांबवायची, ते आपण त्या आकड्यांवरून पाहू.